नाक्यावरचा भैरव

सरांचा मोठा तंबोरा मी सात वर्षं वाहिला. त्याची खोळ मी शिवली, त्याच्यावरची धूळ मी पुसली, डहाणू स्टेशनच्या पुलावरून त्याला लेकरासारखं छातीशी धरून मी नेलं. जीपमध्ये त्याला पुढची सीट मिळायची आणि मला मागे, तबल्याच्या पेटीवर पाय दुमडून बसावं लागायचं, तेही मी सोसलं. फक्त त्याच्या खुंट्यांना हात लावायची मला परवानगी नव्हती. तंबोरा लावायचे ते सर. मी बाजूला बसून बघायचं आणि लागला की खाली मान घालून गायला सुरुवात करायची.

हा सरांच्या घरचा नियम होता आणि तो त्यांना त्यांच्या गुरूंकडून आला होता. एखादा ख्याल पहिल्या आलापापासून शेवटच्या तिहाईपर्यंत अनोळखी माणसांपुढे गायचा. त्यांच्यातला निदान एक जण, ज्याला उठून जायची पूर्ण मोकळीक आहे असा एक जण, शेवटपर्यंत ऐकत राहिला पाहिजे. तसं झालं की सर तंबोरा तुमच्याकडे वळवून म्हणायचे, "लाव." त्या दिवसापासून तुम्ही शिकणारे नाही, गाणारे. माझ्याआधी दोघांना त्यांनी असं म्हटलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा हसून टाळ्या वाजवताना मी आतून जळत होते. मला गाणारी व्हायचं होतं. त्या वर्षी तर मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

सर डहाणूत एका शाळेत शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरच्या ओट्यावर गाण्याचा वर्ग उघडला आणि वर्गाबरोबर एक खूळ डोक्यात घेतलं. महिन्यातून एकदा आम्हा मुलांना घेऊन गावोगाव जायचं, आणि मोकळ्या जागेत, फुकट, शास्त्रीय गाणं-वाजवणं करायचं. फुकट कशासाठी, तर त्यांच्या मते तिकीट काढलेला माणूस पैसे वसूल होईपर्यंत बसतो. तो ऐकतो की नुसता बसतो, ते देवालाच ठाऊक. ज्याने काही दिलेलं नाही तो मात्र कंटाळला की सरळ उठतो, म्हणून खरी परीक्षा त्याच्यापुढे.

आम्ही जायचो चौघं. सर, मी, तबल्यावर डहाणू गावातला एक मुलगा आणि बासरीवर कासाची एक मुलगी. तबलेवाला इंजिनीअरिंगला होता. त्याचा ठेका कधी चुकत नसे आणि जीभ कधी थांबत नसे. बासरीवाली त्याच्या अगदी उलट. वाजवायची भरपूर, बोलायची चार शब्द, पण ते चार शब्द असे की समोरचा दिवसभर चोळत बसावा. मी गात असले की माझ्यामागे तंबोरा छेडायला तीच बसायची.

त्या वर्षी माझा पहिला कार्यक्रम आमच्याच नरपडला झाला, देवळाच्या आवारात. समोर समुद्र, मागे आमच्या चिकूच्या वाड्या. मी भूप गायले आणि पूर्ण गायले. एक माणूस उठला नाही. शेवटची तिहाई समेवर आली तेव्हा माझ्या अंगात अशी काही वीज खेळत होती की मी तंबोऱ्याकडे बघतच राहिले. सरांनी शांतपणे तो खोळीत घातला.

"सर, कोणी उठलं नाही!" मी म्हणाले.

"समोर कोण होतं?"

मी मागे वळून बघितलं. दोन काक्या, आत्या, मामेभाऊ, वाडीतले शेजारी, शेजाऱ्यांच्या सुना. बाबांनी सगळ्यांना आदल्या दिवशीच घरोघर जाऊन बजावलं होतं.

"तुझ्या काकीला उठून जाता आलं असतं?" सर म्हणाले. "तुझ्या बाबांनी तिला परत घरात घेतलं असतं का? हे धरत नाही मी."

मला इतका राग आला की घरी येऊन मी काकीशीच भांडले. तिने बिचारीने माझ्यासाठी दोन तास मांडी मोडली नव्हती. ती म्हणाली, "बाय, पुढच्या वेळी सांग, मी मध्येच उठून जाईन." त्यावर मलाही हसू आलं.

दुसरा कार्यक्रम कासाला, आठवड्याच्या बाजारात. ही कल्पना बासरीवालीची. तिचं म्हणणं, तिथे अनोळखी माणूस हवा तेवढा. खरंच मिळाला. जीपस्टँडच्या बाजूला आम्ही चादर अंथरली, सरांनी तंबोरा लावला आणि बघता बघता आमच्याभोवती असा गराडा पडला की मागच्यांना दिसेना. सुकी मासळी, मिरच्या, पत्र्याच्या बादल्या घेतलेली माणसं, सगळी टक लावून आमच्याकडे बघत होती. मी सारंग सुरू केला. संथ विलंबित झालं. कोणी हलत नव्हतं. माझा आवाज फुलायला लागला. तबलेवाल्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे घोडं गंगेत न्हालं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने हात वर केला.

"बाटली कवा काढणार?"

मी गाता गाता सरांकडे बघितलं. सरांनी माझ्याकडे.

"कसली बाटली, बाबा?" सरांनी विचारलं.

"गुडघ्याच्या तेलाची. का दातांची पावडर हाय?"

तेव्हा उलगडा झाला. त्या बाजारात गाणं-वाजवणं करून गर्दी जमवायची ती औषध विकणाऱ्यांनी. आधी ढोलकी, मग भाषण, मग बाटली. हे सगळे आमच्या बाटलीची वाट बघत उभे होते. सरांनी मोठ्या उत्साहाने सांगितलं की आम्ही काहीच विकत नाही, नुसतं ऐकवायला आलोय. गर्दीत कुजबुज झाली. काहीच विकत नाहीत म्हणजे यांचा काहीतरी मोठा डाव असणार, असं ठरलं बहुतेक, कारण पिशव्या सावरत सावरत एकेक जण निघाला. मी पुढच्या वेगवान द्रुताला हात घातला तोवर समोर फक्त एक बकरी होती आणि तिला दोरीने बांधलेलं होतं.

"तिला उठून जायची मोकळीक नाही," बासरीवाली म्हणाली. "धरता येणार नाही."

परतीच्या जीपमध्ये तबलेवाला चारोटीपर्यंत गुडघ्याचं तेल विकत होता. सर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मीही हसले, पण मनात ठरवलं की पुढचं गाव कुठलंही असो, तंबोरा घेतल्याशिवाय परत यायचं नाही.

पुढचं गाव निघालं उधवा. तलासरीच्याही पुढे, गुजरातची हद्द हाकेवर. दिवाळीची सुट्टी होती, शाळा रिकामी होती आणि तिथल्या गुरुजींनी दोन दिवस राहायला वर्ग उघडून दिला होता. दोन दिवस, दोन संध्याकाळी. सर मला म्हणाले, "पहिल्या संध्याकाळी तू मारवा गा."

मारवा! मी महिनाभर उड्याच मारत होते. मारवा म्हणजे सूर्य बुडतानाचा राग. दिवस संपलेला, रात्र लागलेली नाही, त्या मधल्या फटीत गायचा. त्यात पंचम नाही, आणि षड्जावरही धड टेकू देत नाही. सर सांगायचे, वेळेवर गायला तर मारवा ऐकणाऱ्याला जागचा हलू देत नाही, आणि वेळ टळली की त्यातला जीवच जातो. रागांच्या वेळेबाबत सर फार कर्मठ होते. रेडिओवर कोणी सकाळी यमन लावला तर ते उठून रेडिओ बंद करायचे. त्यांनी पंचांग काढून उधव्याचा सूर्यास्त बघितला, त्याआधी किती वेळ तंबोरा लावायचा ते ठरवलं, माझा आलाप नेमका कधी सुरू व्हायचा तेही ठरवलं. आम्ही सगळ्यांनी मिळून पंचांग बघितलं. जीपच्या वेळा बघायचं कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

त्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात बाकं जोडून केलेल्या मंचावर मी नवी साडी नेसून बसले होते. कापलेल्या भाताचा वास सगळीकडे भरला होता. सरांनी तंबोरा लावला, पहिली तार निषादाची. आकाश पिवळं झालं, मग केशरी झालं. समोरच्या सतरंजीवर गावातली सात-आठ पोरं लोळत होती. मोठं माणूस औषधालाही नव्हतं.

"येतील," गुरुजी म्हणाले.

आकाश तांबडं झालं. पोरांना घरून हाका आल्या, ती पळाली. मी सरांकडे बघत होते, सर रस्त्याकडे बघत होते. आकाश जांभळं झालं, मग राखाडी, आणि मग पटांगणातला बल्ब आकाशापेक्षा उजळ दिसायला लागला. सरांनी डोळे मिटून घेतले.

"गेली वेळ," ते म्हणाले.

 मी तोंड उघडलं असतं तर सतरंजीच पेटली असती. हातातोंडाशी आलेला घास गेला होता, आणि तो पळवला कोणी, हेही कळत नव्हतं.

ते थोड्याच वेळात कळलं. पूर्ण अंधार झाल्यावर रस्त्यावर एकामागोमाग एक जीप यायला लागल्या. हद्दीपलीकडच्या कंपन्यांत कामाला जाणारं सगळं गाव परत येत होतं. बायका, बाप्ये, तरणी मुलं. ती घरी गेली, हातपाय धुतले आणि पटांगण भरलं. असं भरलं की सतरंज्या पुरेनात. गुरुजी आनंदाने नाचायचे बाकी होते. आणि मी नवी साडी नेसून, महिनाभर घोटलेला मारवा पोटात घेऊन, वेळ गमावून बसले होते.

"सर, दुसरं काहीतरी गाते ना," मी हळूच म्हणाले.

"तयार काय आहे?"

तयार फक्त मारवा होता.

"कच्चं वाढायचं नाही लोकांना," सर म्हणाले, आणि त्यांनी बासरीवालीला पुढे बसवलं.

ती आणि तबलेवाला त्या दिवशी असे काही वाजवत होते की राग विसरून मीही ताल धरला. द्रुत सुरू झालं तशा पाच-सहा बायका उठल्या. मला वाटलं, झालं, निघाल्या. त्या निघाल्या नव्हत्या. त्यांनी एकमेकींच्या कमरेत हात घातले आणि मंचासमोर रांग धरून पावलं टाकायला लागल्या. तबलेवाल्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. तो वेड्यासारखा वाजवत होता. सरांना तर कोणाकडे बघावं तेच कळत नव्हतं, पण त्यांची मान मात्र समेला बरोबर हलत होती.

वाजवणं संपल्यावर त्या रांगेतली एक बाई सरांसमोर येऊन उभी राहिली. चाळिशीच्या आसपासची, बारीक अंगाची, अजून धापा टाकत होती. तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही पोर का नाय गायली? एवढी नटून बसलीय."

सरांनी तिला समजावलं. रागाची वेळ असते, हिचा राग सूर्य बुडताना गायचा असतो, तेव्हा तुम्ही कोणी नव्हतात.

बाई खळखळून हसली. "गाण्याला पन शिफ्ट असते?"

सरही हसले. "असते ना."

"मंग सकाळच्या शिफ्टला कोण असतो?"

"भैरव."

"ह्या पोरीला येतो?"

भैरव येतो का? मी सात वर्षं रोज पहाटे भैरवच गात होते. चिकूच्या वाडीत पाणी सोडायला बाबा उठायचे तेव्हा मीही उठायचे आणि मागच्या पडवीत बसून भैरवाचे सूर लावायचे. तो गायचा राग आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. ते आपलं दात घासण्यासारखं झालं होतं.

"येतो," मीच बोलून टाकलं.

"मंग उद्या पाटचं नाक्यावर ये. जीप येवस्तर आमी बसूनच असतो."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी इतक्या जोरात मान हलवली की वेणी पुढे आली.

मला झोप कसली येतेय! तिघांनाही मीच हलवून उठवलं. बाहेर गारठा होता. तंबोरा माझ्या छातीशी, तबल्याची पेटी तबलेवाल्याच्या डोक्यावर, सरांच्या हातात सतरंजीची गुंडाळी, अशी आमची वरात उधव्याच्या नाक्यावर पोचली तेव्हा पूर्वेला नुसतं फिकट झालं होतं. बाई म्हणाली होती ते खरं होतं. दुकानांच्या बंद फळ्यांपुढे माणसं आपापले डबे मांडीवर घेऊन बसली होती. चहाची टपरी तेवढी चालू होती. ती बाई उकिडवी बसून बशीतून चहा पीत होती. आम्हाला बघून तिने शेजारच्या दोघींना कोपराने ढोसलं आणि सरकून जागा केली.

सरांनी टपरीच्या बाकड्यावर बसून तंबोरा लावला, आता पहिली तार पंचमाची. मी सतरंजीवर बसले. लाऊडस्पीकर नाही, मंच नाही, बल्ब नाही. मी षड्ज लावला.

तो कसा लागला ते मला आजही नीट सांगता येत नाही. रोज लागायचा तोच होता, पण रोज समोर पडवीची भिंत असायची. आज समोर माणसं होती, कामाला निघालेली, ताजी, शांत. कोमल ऋषभावर मी जरा थांबले आणि त्याला हलवला, तसा कोणीतरी बोलता बोलता गप्प झाला. मग दुसरा गप्प झाला. टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला. मी घाबरायचं विसरले. सकाळ होत होती आणि मी तीच गात होते, मला वेगळं काही करायचंच नव्हतं. विलंबित सावकाश उलगडत गेलं. मी डोळे उघडले की ती बाई दिसायची. बशी हातात तशीच, चहा गार झालेला.

विलंबित संपलं. तबलेवाल्याने लय बदलली, द्रुताचा मुखडा माझ्या ओठांवर आला आणि नाक्यावर भोंगा वाजला.

जीप आली होती.

"चालो चालो, बेसी जाव! मोडुं थयुं!" उशीर झाला, बसा, असं ड्रायव्हर अर्धा बाहेर लोंबकळून गुजरातीत ओरडत होता. मग त्याने आम्हाला बघितलं आणि तोही क्षणभर थांबला. पण गाडीला थांबता येत नव्हतं, आणि माणसांनाही नाही. उशीर झाला तर गेटवरूनच परत पाठवतात, हे गुरुजींनी रात्रीच सांगितलं होतं. डबे उचलले गेले. एकेक जण माझ्याकडे बघत, अवघडून, मागे सरकत जीपमध्ये चढला. बाई सगळ्यांत शेवटी उठली. तिने बशी टपरीवर ठेवली, माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ड्रायव्हरने पुन्हा भोंगा दाबला. ती मागच्या पायरीवर लटकली आणि जीप निघाली. वळणापर्यंत तिचं तोंड आमच्याकडे होतं.

मी तोंडातला मुखडा गिळला. समोर रिकामे पेले आणि टपरीवाला, पण त्याला टपरी सोडून जायची मोकळीक कुठे होती?

"सर?" मी विचारलं.

 तंबोऱ्याच्या तारांवर सरांनी तळवा ठेवला आणि त्या बंद केल्या. "फार सुंदर गायलीस," ते म्हणाले. "पण अर्धंच झालं, पोरी."

सरांनी सात वर्षांत मला सुंदर म्हटलं नव्हतं. एरवी मी त्या एका शब्दावर महिनाभर जगले असते. पण त्या सकाळी मी शाळेपर्यंत रडत गेले आणि रडताना तंबोरा मात्र छातीशी धरून होते, कारण तो वाहायचा कोणी? तबलेवाल्याने एकदा "गुडघ्याचं तेल देऊ का?" असं विचारून बघितलं. बासरीवालीने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

दिवसभर सरांनी माझ्याकडून यमन घोटून घेतला. आता कार्यक्रमाची वेळ जीप आल्यानंतरची ठेवली होती. गावभर निरोप गेला होता. यमन मला येत होता, पण मारव्याच्या नादात महिनाभर त्याला हात लावला नव्हता; निघण्याआधीच हे सुचलं असतं तर किती बरं झालं असतं. दुपारपर्यंत माझं रडं ओसरलं आणि संध्याकाळपर्यंत मी पुन्हा नवी साडी नेसून तयार झाले. मी तशीच आहे. आदळआपट करते, पण भूक लागते आणि आशाही लागते.

अंधार पडला. सरांनी तंबोरा लावला. आमच्याकडे यमनाला पहिली तार निषादाची लावतात, तशी लावली. जीप आल्या. लोक घरी जाऊन हातपाय धुवून येतील तोवर वेळ होता, म्हणून मी पाणी प्यायला उठले, तर पटांगणाच्या फाटकातून ती बाई सरळ आत येत होती. खांद्याला डब्याची पिशवी, केसांना कंपनीचं कापूस-फापूस चिकटलेलं. ती घरी गेलीच नव्हती. जीपमधून उतरली ती इथेच आली होती. तिच्यामागे सकाळच्या जीपमधल्या आणखी तिघी-चौघी होत्या. त्या मंचासमोर अगदी पुढे येऊन बसल्या.

"बाय," ती मला म्हणाली, "सकाळचा अर्धा राहिला, तो पुरा कर."

मी म्हणाले, "मावशी, आज यमन आहे. तोही छान असतो."

"तो मागून कर. दिसभर माझ्या डोक्यात तो अर्धाच फिरून राहिला. मशीनवर हात चालंना. सुपरवायझर दोनदा ओरडला." मागच्या बायका हसल्या, पण ती हसत नव्हती. "पुढं काय होता त्याचा, ते सांग."

मी सरांकडे बघितलं. रात्री भैरव! सकाळी यमन लागला म्हणून रेडिओ बंद करणारा माणूस होता तो. तबलेवाल्याने हातोडी खाली ठेवली. बासरीवालीने श्वास धरला असावा. पटांगणात माणसं येत होती, बसत होती, आणि मधोमध सर बसले होते, मांडीवर तंबोरा घेऊन, त्याच्या भोपळ्यावरून हात फिरवत. मला वाटलं, आता ते तिला समजावतील. वेळ असते, शिफ्ट असते, वगैरे.

"सकाळी सुरू केलेला ख्याल आहे," सर शेवटी म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, कोण जाणे. "सुरू वेळेवरच झाला होता. संपायला उशीर झाला, त्यात रागाचा काय दोष?"

आणि त्यांनी तंबोरा उचलला, माझ्यापुढे आडवा ठेवला आणि खुंट्यांचं तोंड माझ्याकडे केलं.

"पंचम लाव," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मी तंबोरा उचलून बासरीवालीकडे द्यायला निघाले, रोजच्या सवयीने. तिने तो घेतला नाही. "तुला सांगतायत," ती म्हणाली.

"सर," मी म्हणाले, "पण ती तर सकाळी अर्ध्यातून उठून गेली. अजून पुरा कुठे झालाय?"

"ती उठून गेली नव्हती," सर म्हणाले. "तिला नेलं होतं. लाव."

सात वर्षं मी त्या खुंट्या नुसत्या पुसल्या होत्या. त्या रात्री मी पहिली खुंटी हातात धरली. निषादावरून तार खाली उतरवायची होती. उतरवताना खुंटी सटकली तर सगळी तार भसकन ढिली पडते, ते मी इतरांचं बघितलं होतं. मी श्वास धरून ती केसभर फिरवली. तार कुरकुरली, उतरली, धैवताशी आली, आणखी उतरली. मी कान तिच्यापाशी नेला.  पंचम जवळ आला. मग मी सूर नेमका करायचा तारेतला मणी हळूच सरकवला आणि तो लागला. लागला! सरांनी डोळे मिटले होते. ते "हं" एवढंच म्हणाले. त्यांनी खुंटीला हात लावला नाही, दुरुस्त केलं नाही.

मी तंबोरा बासरीवालीच्या हातात दिला आणि तबलेवाल्याकडे बघितलं. तो तयारच होता. सकाळी गिळलेला मुखडा मी जिथे सोडला होता तिथूनच उचलला. आलाप नाही, विलंबित नाही, ते तिने ऐकलं होतं. द्रुत सरळ धावत सुटलं. मी काय गायले ते तबलेवाल्याला विचारा, मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की मला हसू येत होतं, ताना घेताना हसू येत होतं, आणि रात्रीच्या अंधारात सकाळचे ते कोमल सूर जराही परके वाटत नव्हते. त्या बाईने पिशवी मांडीवर घेतली होती आणि दोन्ही हातांनी तिचे बंद घट्ट धरले होते. नुकत्याच आलेल्या लोकांना हे काय चाललंय ते कळत नसावं. तिला कळत होतं. मी तिच्याकडे बघूनच गात होते.

तिहाई घेतली. पहिली, दुसरी, तिसरी, आणि समेवर आम्ही दोघं एकदम येऊन थांबलो.

टाळ्या पडल्या. गुरुजी उभे राहून टाळ्या वाजवत होते. तबलेवाला ओरडला. सर मात्र नुसते तंबोऱ्याकडे बघत होते. तो अजून पंचमात लागलेला होता, मी लावलेला.

बाई उठली. पिशवी खांद्याला अडकवली, पदर झटकला आणि मंचाजवळ आली.

"झाला पुरा?" तिने विचारलं.

"झाला, मावशी."

"मंग जाते. अजून चूल पेटायची हाय."